वरच्या खणातली बाटली

अंबरनाथ पूर्वेला, मोरिवलीपासून पालेगावच्या नव्या टॉवरांपर्यंत, ज्यांच्या फ्रीजच्या दारावर चंदरचं पिवळं स्टिकर चिकटलेलं आहे, त्या सगळ्यांना त्याची एक खोड ठाऊक आहे. फ्रीज गार होत नाही म्हणून फोन करावा, तर हा गडी कंपनी विचारत नाही, मॉडेल विचारत नाही. आधी विचारतो, घरात कुणाचं इंजेक्शन फ्रीजमध्ये असतं का. माणसं गोंधळतात. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने त्याला सुनावलं होतं की तू फ्रीज बघायला येतोस की खानेसुमारी करायला. चंदर ऐकून घेतो, पण उत्तर मिळेपर्यंत पुढे सरकत नाही. असेल म्हटलं, तर सांगतो की बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवा, शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवा, पण वर बर्फाच्या खणात अजिबात ठेवू नका. हे समोरच्याकडून दोनदा वदवून घेतो आणि मगच फ्रीजकडे वळतो.

ही खोड त्याला तीन वर्षांपूर्वी लागली. त्याआधीची बावीस वर्षं तो फोनवर दुसरंच वाक्य बोलायचा, आणि त्या वाक्याने पालेगावचा हरिचंद्र गेला. हे ठाऊक असलेली माणसं तीन. एक चंदर स्वतः, दुसरी त्याची बायको अस्मिता आणि तिसरी हरिचंद्राची विधवा सगुणाबाई.

चंदरचे वडील शंकरराव काडेपेटीच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा चंदर दहावीत होता. परीक्षा राहिली ती राहिलीच. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये धर्मेशशेठ म्हणून एका सिंधी माणसाचं फ्रीजच्या पार्टचं दुकान होतं, मागच्या बाजूला रिपेअरिंग चालायचं, तिथे तो चिकटला. शेठ त्याला दोन गोष्टी शिकवायला निघाला होता, गॅस भरायला आणि खोटं बोलायला. चंदर पहिली शिकला. दुसरीत त्याचं डोकं चाललं नाही. उल्हासनगरात कुठल्याही कंपनीचं लेबल मिळतं, खाली माल कुणाचा का असेना. त्या बाजारात राहून चंदरने दोन नेम पाळले. पार्ट टाकायचा तर कंपनीचाच, लोकल नाही. आणि काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे काढला की नुसता पुसून परत बसवला याचा संशय नको.

या नेमांवरच त्याचं नाव झालं. बायका शेजारणीला सांगत, जरा उशिरा येतो, पण चोर नाही. चंदरला या बोलण्याचा अभिमान होता, त्यातल्या 'उशिरा'चासुद्धा. प्रामाणिकपणाला वेळ लागतोच, असं तो समजत असे. माणसाला स्वतःच्या चांगुलपणाची एकदा चटक लागली की त्यातली खोट दिसेनाशी होते, आणि चंदर काही देवमाणूस नव्हता.

दोन दारांच्या फ्रीजमध्ये वरच्या बर्फाच्या खणामागे एक छोटा पंखा असतो. त्याची मोटर मुठीत मावते. मागच्या कॉइलची गारवा घेतलेली हवा हा पंखा खालच्या खणात ढकलतो. मोटर गेली की वर बर्फ तसाच राहतो आणि खाली दूध नासतं. लोकांना वाटतं फ्रीज अर्धा मेला. चंदरला ते फोनवरच कळायचं. वर बर्फ आहे का, आहे. खाली कोमट आहे का, आहे. मग तो त्याचं ठरलेलं वाक्य बोलायचा. "पंख्याची मोटर गेली. घाबरू नका. मी येईपर्यंत जे नासण्यासारखं आहे ते सगळं वरच्या खणात चढवा."

त्या मे महिन्यात एका सोमवारी सगुणाबाईचा फोन आला, तेव्हाही तो हेच बोलला.

सगुणाबाई आणि हरिचंद्र पालेगावातलं जुनं आगरी जोडपं. भाताची जमीन टॉवरांखाली गेली होती, उरलं होतं कौलारू घर आणि मागच्या अंगणातला फणस. मुलगा कमलेश जागांच्या व्यवहारात होता आणि बदलापूरला फ्लॅट घेऊन राहायचा. आईबापाकडे येणं होत नाही याची भरपाई म्हणून त्याने त्यांना हा मोठा फ्रीज घेऊन दिला होता. हरिचंद्राला चौदा वर्षांची साखर. डाव्या पायाचा अंगठा काढलेला. इन्शुलिनची सुई सकाळ-संध्याकाळ सगुणाबाईच टोचायची. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण सिरिंजवरच्या रेघा तिने पाठ केल्या होत्या, आणि तिचा हात इतका हलका होता की आळीतल्या दुसऱ्या दोन म्हाताऱ्याही तिच्याकडूनच टोचून घ्यायच्या. तिच्या आयुष्यात तिने स्वतः शिकलेली आणि कुणी नावं न ठेवलेली अशी ही एकच विद्या होती.

चंदरने सांगितलं आणि तिने ऐकलं. दूध वर गेलं, कोलंबी वर गेली, आणि दारातल्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या इन्शुलिनच्या दोन बाटल्याही वर गेल्या. त्या घरात नासू नये अशी सगळ्यात मोलाची वस्तू तीच होती. डॉक्टरने बजावलं होतं, गार ठेवा, उन्हाळ्याचं बाहेर ठेवू नका. किती गार, ते कुणी सांगितलं नव्हतं. खोक्यावर लिहिलं होतं, इंग्रजीत.

चंदर त्याच दुपारी उल्हासनगरला गेला. त्या मॉडेलची कंपनीची मोटर धर्मेशशेठकडे नव्हती. माल भिवंडीच्या गोदामातून बुधवारी येणार होता. लोकल होती, समोरच्या बरणीत पंचवीस पडल्या होत्या. "लगा दे यार चंदर," शेठ म्हणाला, "साल भर तो चलेगी. बुढिया को क्या मालूम पडेगा." चंदर हसला आणि हात हलवत बाहेर पडला. पुढे तीन वर्षं त्याला त्या बरणीची आठवण येत राहिली. त्या दिवशी त्याने बेइमानी केली असती, तर तासाभरात पंखा फिरला असता.

मंगळवारी सगुणाबाईने पुन्हा फोन केला. तिचा सूर ओशाळा होता, कामाच्या माणसाला आपण तगादा लावतोय की काय असा. चंदरने विचारलं की सामान सगळं वर आहे ना. आहे म्हणाली. मग काहीच बिघडत नाही, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी तो मोटर घेऊन पोचला. हरिचंद्र खुर्ची ओढून जवळ येऊन बसला. त्याला दुसऱ्याचं काम बघत बसायची हौस होती, आणि अंगठा काढल्यापासून बसल्या जागी बघण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. सगुणाबाईने चंदरला चहा दिला, घरच्याच कपात. त्याच्या वडिलांना, शंकररावांना, याच गावात पाणीसुद्धा वरून ओतून मिळायचं, त्यामुळे चंदर हे दरवेळी मनात नोंदवायचा आणि त्या घराचं काम जरा जास्तच मनापासून करायचा.

त्याने प्लग काढला आणि वरचा खण वर्तमानपत्रावर रिकामा केला. कोलंबीची पिशवी दगड झाली होती, दुधाचीही. त्यांच्या मागे, अगदी कॉइलच्या पत्र्याला टेकून, ती छोटी पिशवी होती. बाटल्यांवर पांढरा थर बसला होता.

"दवा हाय त्यांची," सगुणाबाई म्हणाली. "चांगली गार ऱ्हायली. पार कडक व्हते, मंग टोचायच्या आदी अर्धा तास मुठीत धरून बसते मी."

"एकदम बरोबर," चंदर म्हणाला.

पुढे ते दोन शब्द त्याला छळत राहिले. त्या वेळी मात्र तो कामात होता. मागच्या पत्र्याचे स्क्रू काढले, बर्फावर गरम पाणी सोडलं, वायरीची क्लिप सोडवून जुनी मोटर बाहेर घेतली, नवीवर पातं चढवलं, बोटाने फिरवून पाहिलं. प्लग लावल्यावर पंखा घुमला आणि खालच्या खणात वारा सुटला. हरिचंद्राने हात आत घालून तो वारा तळहातावर घेतला आणि पोरासारखा हसला. जुनी मोटर चंदरने नेमाप्रमाणे त्याच्या हातात ठेवली. एवढ्याशा चक्रीने तीन दिवस घराला कामाला लावलं, असं म्हणत हरिचंद्राने ती खिडकीत ठेवून दिली. इन्शुलिनच्या बाटल्या चंदरने स्वतः पुसून खाली दाराच्या कप्प्यात लावल्या.

त्यानंतर जे झालं ते चंदरला तुकड्या-तुकड्याने, मागाहून कळलं. हरिचंद्राला तहान लागू लागली. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा आणि उठून उठून दमायचा. ऊन फार आहे, असं सगळे म्हणाले. पायाची जखम पुन्हा ओली झाली. मग तो दिवसाही झोपून राहू लागला, बोलताना शब्द गिळू लागला. ज्या सकाळी तो हाक मारूनही उठेना, त्या सकाळी कमलेश गाडी घेऊन आला. दवाखान्यातल्या मशीनवर साखरेचा आकडाच उमटेना, इतकी ती वर गेली होती. डॉक्टरने विचारलं, इन्शुलिन देता ना. सगुणाबाई म्हणाली, रोज, एक वेळ चुकवली नाही. ते खरंच होतं. मग डॉक्टरने विचारलं, गोड काय खाल्लं.

गोड खाल्लं होतं. मागचा फणस पिकला होता आणि हरिचंद्राने दोन दिवस हट्ट धरला होता. बिल्डर पावसाळ्यानंतर झाड तोडणार, म्हणजे हा त्याचा शेवटचा फणस. सगुणाबाईने त्याला दोन गरे दिले होते, आणि शेजारच्या ठमाबाईने ते पाहिलं होतं.

पाचव्या दिवशी हरिचंद्र गेला. दहाव्याच्या आत अख्ख्या पालेगावला माहीत झालं होतं की म्हातारीने गरे चारून नवरा घालवला.

चंदर मयताला गेला होता, तेव्हा त्याला काहीच ठाऊक नव्हतं. वाईट वाटलं एवढंच. परतताना त्याने मनात असंही म्हटलं की बाई शहाणी होती, असं कसं केलं तिने. हे त्याने पुढे अस्मितापुढे कबूल केलं, आणि कबूल करताना त्याला रडू आलं.

मग आठवड्याभराने उल्हासनगरात, कॅम्प चारमधल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. तीच तक्रार, वर बर्फ आणि खाली कोमट. तो पोचला तेव्हा तिथली नर्स बकुळा लसींचा एक अख्खा ट्रे लाल पिशवीत ओतत होती. तिचं डोकं फिरलेलं होतं. रात्रपाळीच्या कुणीतरी खाली गार नाही म्हणून लसी वर ठेवून दिल्या होत्या. चंदर सहज बोलून गेला की वितळवून वापरा की, बर्फच झाला आहे, नासल्या कुठे आहेत.

"गरमीत ठेवली तर निदान थोडे दिवस टिकते," बकुळा म्हणाली. "बर्फ झाली की संपलं. दिसायला तशीच दिसते, आत औषध मेलेलं असतं."

चंदरने विचारलं, आणि इन्शुलिन.

"इन्शुलिनचं तेच."

तो तिथल्या पायरीवर बसला. बकुळाने विचारलं की चक्कर येते का, पाणी देऊ का. त्याने नको म्हणून मान हलवली, उठला आणि कामाला लागला. काम झाल्यावर पाहिलं तर हवा उलटी मागे जात होती. पातं उलटं चढवलं होतं. बावीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं. सगळे स्क्रू पुन्हा काढून त्याने ते सुलटं केलं, आणि तेवढा वेळ त्याला एकच दिसत होतं, मूठ आवळून दवा वितळवत बसलेली सगुणाबाई.

त्याने अस्मिताला सांगितलं. ती म्हणाली की तू मुद्दाम केलं नाहीस. तो म्हणाला, पण तिच्यावर आळ आहे, लोक तिच्या तोंडावर बोलतात, मी गेलो पाहिजे. अस्मिताने त्याला नीट न्याहाळलं. "जाशील. सांगशील. तुझं ओझं उतरेल," ती म्हणाली. "तिच्या अंगावर काय पडेल त्याचा विचार केलास का?"

चंदरला वाटलं, बायको घाबरली. कमलेशचा हात चालायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या गावातली सगळी कामं एका दिवसात बंद झाली असती. घाबरला तर तोही होता. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत त्याने तीन आठवडे काढले. पालेगावचा रस्ता टाळायला मोरिवलीवरून वळसा घालून जायचा आणि स्वतःवरच चिडायचा.

शेवटी फोन कमलेशचाच आला. घर बिल्डरच्या ताब्यात द्यायचं होतं, आई बदलापूरला फ्लॅटवर येणार होती, फ्रीज न्यायचा होता. येऊन नीट बांधून दे, असं तो म्हणाला.

चंदर दोरी आणि पुठ्ठे घेऊन गेला. घर निम्मं रिकामं झालं होतं. हरिचंद्राची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. कमलेश सामान बाहेर काढत होता आणि काढता काढता आईला बोलत होता, चंदर तिथे आहे याची पर्वा न करता. हे घे ते घे करू नकोस. तुझ्यापायी बाबा गेले. डॉक्टर चौदा वर्षं सांगत होता, आणि तू गरे चारलेस. सगुणाबाई चुलीपाशी बसून भांडी गोणीत भरत होती. तिने मान वर केली नाही. चंदरच्या लक्षात आलं की हे रोजचं आहे, आणि बदलापूरच्या फ्लॅटमध्येही रोज राहणार आहे.

कमलेश टेम्पो बघायला रस्त्यावर गेला. चंदर दोरी खाली ठेवून तिच्यासमोर उकिडवा बसला.

त्याने सगळं सांगितलं. बकुळाने सांगितलेलं सांगितलं, लसीचं सांगितलं, मग इन्शुलिनचं. गऱ्यांचं काही नव्हतं मावशी, दोन गऱ्यांनी माणूस जात नाही, दवा मेली होती, आणि ती वर ठेवायला मी सांगितलं होतं. फोनवर दोनदा सांगितलं. बाटल्या बघून एकदम बरोबर म्हणालो. मी आता कमलेशलाही सांगतो, तुमच्यावर आळ नको. हे बोलताना त्याची छाती खरोखर हलकी होत गेली. त्याला वाटलं, तिचीही होत असेल.

सगुणाबाईच्या हातातलं पातेलं गोणीच्या तोंडाशी थांबलं होतं.

"मंजे," ती म्हणाली, "मी त्यांना रोज निस्तं पानी टोचीत व्हते."

"चूक माझी आहे, मावशी. वर ठेवा मी म्हणालो."

"ठेवा तुमी बोल्लात. टोचलं मी." तिने उजवा हात उघडला आणि त्या तळव्याकडे पाहत राहिली. "शेवटी शेवटी नको बोलायचे. दुखतं बोलायचे. मी त्यांचा हात दाबून धरायची आनि टोचायची. त्यांना बोलायची, याच्यानंच बरं वाटल."

अस्मिता काय म्हणाली होती ते आता चंदरला कळलं, कळून काही उपयोग नव्हता तेव्हा. तो तिच्यावरचा एक आळ पुसायला आला होता, आणि त्याने तिच्या हातातली एकुलती एक विद्या काढून घेतली होती. गऱ्यांच्या आळात निदान नवऱ्याचा हट्ट होता, झाड होतं, शेवटचा उन्हाळा होता. यात तसं काहीच नव्हतं. त्याला तिथून उठून पळावंसं वाटलं.

टेम्पो आला. कमलेश आत येऊन दोघांकडे बघू लागला. काय चाललंय, असं त्याने विचारलं. चंदर उभा राहिला. मार खायची त्याची तयारी झाली होती, खरं तर आता कुणीतरी मारावं असंच त्याला वाटत होतं. त्याने तोंड उघडलं.

"गऱ्यांचं सांगत व्हते यांना," सगुणाबाई म्हणाली. "दोन दिलं असं मी सगल्यांना बोलले. दोन नाय, पाच दिलं. मीच दिलं."

कमलेशचा आवाज चढला. पाच, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणि जे तोंडाला आलं ते बोलला. ती सगळं ऐकत होती. एक शब्द परतवला नाही, पदरही तोंडाला लावला नाही. उलट मान वर करून ऐकत होती, हे संपू नये असं वाटत असल्यासारखी. मग कमलेश दमला आणि हमालाला हाक मारायला बाहेर गेला.

चंदरने फ्रीजची दोन्ही दारं बांधली. कोपऱ्यांना पुठ्ठे लावले. खिडकीत ती जुनी मोटर अजून पडली होती, सगुणाबाईने ती उचलून गोणीत भांड्यांबरोबर टाकली. फ्रीज टेम्पोत चढवून तो खाली उतरला, तेव्हा ती दाराशी उभी होती. कमलेश पुढे ड्रायव्हरशी बोलत होता.

"त्याला कंदी सांगू नका, दादा," ती हळूच म्हणाली. "गरं त्यांनी आवडीनं खाल्लं व्हतं. माज्या हातून त्यांच्या पोटात तेवडंच गेलं, असंच ऱ्हाऊ द्या."

चंदरने होकाराची मान हलवली आणि दोरीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली. फ्रीज घट्ट बांधलेला होता.